ओडिशात बदली झालीय? सामान बांधण्याआधी हे वाचून घ्या

मराठी माणूस ओडिशात जातो तो बहुतेक वेळा बदलीच्या कागदावर. बँक, रेल्वे, पोलाद, ॲल्युमिनियम, बंदर, आयटी, नाहीतर एखादी संशोधन संस्था. घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "म्हणजे बंगालकडे ना?" पहिला सल्ला त्यावरच. हे वाक्य तिथे पोचल्यावर कुणासमोर म्हणू नका. ओडिआ बोलणाऱ्यांचा वेगळा प्रांत १ एप्रिल १९३६ रोजी झाला, तोही भाषेच्या आधारावर, म्हणजे आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या कितीतरी आधी. त्यामागे मधुसूदन दास आणि त्यांच्या उत्कल संमेलनी या संस्थेची अनेक वर्षांची खटपट होती. १ एप्रिलला तिथे उत्कळ दिवस असतो आणि त्या दिवशी एप्रिल फूलचे विनोद फारसे चालत नाहीत. राज्याचं नाव २०११ पासून अधिकृतपणे ओडिशा आणि भाषेचं ओडिआ. ‘ओरिसा’ आणि ‘उडिया’ इथेच ठेवून जा.

१. आधी विचारा, कुठल्या ओडिशात?

बदलीच्या कागदावर गावाचं नाव असतं, पण त्यावरून पुढचं आयुष्य कसं असेल ते कळत नाही. ओडिशा आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं, सुमारे १,५५,७०० चौरस किलोमीटर, जिल्हे ३०. हवा, भाषा, जेवण, सण या सगळ्याच बाबतीत ते चार वेगळ्या तुकड्यांत आहे.

पहिला तुकडा किनाऱ्याचा: बालेश्वर, भद्रक, जाजपूर, केंद्रापडा, जगतसिंहपूर, कटक, खोर्धा, पुरी, गंजाम. महानदी, ब्राह्मणी, वैतरणी या नद्यांनी आणलेला सपाट गाळाचा प्रदेश. भात, नारळ, तळी, मासे. भुवनेश्वर खोर्धा जिल्ह्यात येतं. हवा कोकणासारखी दमट; वादळं मात्र कोकणाने क्वचितच पाहिली असतील अशी.

दुसरा पश्चिमेचा: संबलपूर, बरगड, झारसुगुडा, बलांगीर, कलाहंडी. इथली बोली संबलपुरी, आणि ती ‘ओडिआची बोली’ की स्वतंत्र ‘कोसली’ भाषा, हा वाद ऑफिसातल्या चहाच्या वेळी काढू नका. उन्हाळा विदर्भाचा. टिटलागडचा पारा मे महिन्यात बातम्यांत असतो. नागपूर-चंद्रपूरची माणसं इथे लवकर रुळतात. हिराकुद धरण संबलपूरजवळ, महानदीवर. बांधासकट लांबी जवळपास २६ किलोमीटर. उद्घाटन १९५७ साली नेहरूंच्या हस्ते झालं.

तिसरा दक्षिणेचा डोंगराळ: कोरापुट, रायगडा, मलकानगिरी, नबरंगपूर. कोरापुट समुद्रसपाटीपासून बरंच उंच, त्यामुळे हिवाळ्यात खरोखर स्वेटर लागतो. राज्यातलं सर्वांत उंच शिखर देवमाळी इथलंच, १६७२ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडंसं उंच. दामनजोडीला नाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी लागली असेल तर तुम्ही इथले.

चौथा उत्तरेचा: मयूरभंज, केंदुझर, सुंदरगड. जंगल, लोहखनिज, साल वृक्ष, संथाळ-मुंडा-हो वस्ती. राउरकेला इथे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मयूरभंजच्या. सुंदरगडची पोरं हातात बॅटीऐवजी हॉकी स्टिक घेऊन मोठी होतात, आणि राउरकेलाच्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये २०२३च्या विश्वचषकाचे सामने झाले.

पत्ता लिहिताना एक गंमत सांभाळा. जाजपूर किनाऱ्याकडे, जेपोर कोरापुट जिल्ह्यात, आणि जयपूर अर्थातच राजस्थानात. पॅकर्सवाल्याला जेपोर सांगताना जिल्हा आणि पिनकोड दोन्ही सांगा. तसंच ब्रह्मपूर: इंग्रजीत ते बेऱ्हामपूर होतं आणि त्याच उच्चाराचं एक गाव बंगालातही आहे.

२. येण्याचा महिना आणि वादळाची तयारी

निवड हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. मुंबई-पुण्याहून सामान-मुलांसह रेल्वेने यायचं असेल तर मुंबई-भुवनेश्वर कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम अशी वळसा घालून येते. वेळ खाते, पण समुद्राच्या बाजूने ओडिशात शिरताना चिल्का सरोवर खिडकीतून दिसतं.

आल्यावर घड्याळ पहिल्यांदा गोंधळात टाकतं. भुवनेश्वर मुंबईच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे सूर्य साधारण पाऊण-एक तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. जूनमध्ये पहाटे पाचला लख्ख उजेड, डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला दिवे. भाजीबाजार, चालायला जाणं, मुलांचे क्लास सगळं अर्ध्या-पाऊण तासाने आधी सरकवलंत तरच दिवस पुरतो.

आता वादळ. हा विषय मी घाईत उरकणार नाही. २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, सर्वांत जास्त जगतसिंहपूर जिल्ह्यात. ओडिशाचं आजचं आपत्ती व्यवस्थापन त्या आठवणीवर उभं आहे. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं, मग ओड्राफ नावाचं स्वतःचं बचाव दल उभारलं, किनाऱ्यावर गावोगाव खांबांवर उभ्या पक्क्या निवारा-इमारती बांधल्या. ३ मे २०१९ रोजी फणी वादळ थेट पुरीवर आदळलं, तेव्हा आधीच्या दोन दिवसांत सुमारे बारा लाख लोक हलवले गेले होते आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. म्हणून तिथे सरकारने ‘घर सोडा’ म्हटलं की घर सोडायचं. ‘बघू, वारा किती वाढतो’ ही मुंबईकर वृत्ती तिथे कामाची नाही.

वादळांचे दोन मोसम: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. हवामान खात्याचं पत्रक चार-पाच दिवस आधी येतं, आणि भुवनेश्वरचे शेजारी तेवढ्या दिवसांत शांतपणे ठराविक कामं करतात. तीच तुम्ही करा. गच्चीची टाकी आणि घरातली सगळी भांडी भरून ठेवा, कारण वीज गेली की पंप बंद. रोख रक्कम काढून ठेवा, एटीएम आणि नेटवर्क दोन्ही जातात. पॉवर बँक, इन्व्हर्टर, गॅस, औषधं, बाळाचं दूध. चूडा म्हणजे आपले पोहे, आणि गूळ: हे तिथलं आपत्कालीन खाणं, भिजवलं की झालं. बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. गाडी झाडाखाली किंवा होर्डिंगखाली लावू नका. फणीनंतर भुवनेश्वरच्या अनेक भागांत वीज यायला आठवडा आणि त्याहून जास्त लागला होता. त्या हिशेबाने साठा करा, दोन दिवसांच्या नाही.

३. सरकार कुठे बसतं

राजधानी भुवनेश्वर, पण ती नवी. १९४८ साली पायाभरणी झाली, आराखडा जर्मन वास्तुकार ओटो कोनिग्सबर्गरचा. म्हणून जुन्या सरकारी वस्त्यांना अजून ‘युनिट-१’, ‘युनिट-६’ अशी नावं आहेत आणि रिक्षावाला त्याच नावांनी ओळखतो. त्याआधीची राजधानी कटक, आणि ती पूर्ण सुटलेली नाही: उच्च न्यायालय कटकला, महसूल मंडळ कटकला, दहावीचं बोर्ड कटकला. दोन्ही शहरं सुमारे २५-३० किलोमीटरवर, पोलीस आयुक्तालय एकच. कामाला कटकला जायचं म्हटलं की कंटाळू नका; बावन्न बाजार आणि त्रेपन्न गल्ल्या अशी ख्याती असलेलं ते शहर खाण्यासाठी तरी पाहावंच लागतं.

विधानसभेत १४७ जागा. विधान परिषद नाही. लोकसभेच्या २१ जागा, आणि दोन्ही निवडणुका एकत्र होतात. नवीन पटनायक २००० पासून २०२४ पर्यंत सलग मुख्यमंत्री होते. जून २०२४ मध्ये भाजपचं सरकार आलं आणि केंदुझरचे मोहन चरण माझी मुख्यमंत्री झाले. चोवीस वर्षांनी सरकार बदललं की योजनांची नावं, बसचे रंग, कार्डं सगळंच बदलतं. त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर विसंबू नका, चालू नाव कोणतं ते स्थानिकाला विचारा.

रोजच्या कामासाठी उतरंड आपल्यासारखीच: कलेक्टर, मग सब-कलेक्टर म्हणजे आपले प्रांत, मग तहसीलदार. तलाठ्याची बरीच कामं तिथे आर. आय. बघतो, म्हणजे रेव्हेन्यू इन्स्पेक्टर. ग्रामीण विकासाचा कारभार ब्लॉक आणि बीडीओकडे. आधारवरचा पत्ता आधी बदला. गॅस, शाळा, वीज सगळं त्यावर अडतं. विजेचं वितरण सध्या टाटा पॉवरच्या चार कंपन्यांकडे आहे, भाग पाडून दिलेले. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला घेऊन निघा, तिथे गेल्यावर मागवणं जिकिरीचं. केंद्र सरकारी किंवा वारंवार बदलीची नोकरी असेल तर ‘बीएच’ क्रमांक, म्हणजे राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा, आधीच घेणं शहाणपणाचं.

कागदावरचं नाव दोनदा वाचा. ओडिआत ‘व’चा बहुतेक वेळा ‘ब’ होतो. विनायक बिनायक होतात, वसंत बसंत होतात, आणि एकदा का शाळेच्या दाखल्यावर ‘बैशाली’ छापलं गेलं की दुरुस्तीचे हेलपाटे तुमचे.

४. घर भाड्याने, जमीन जपून

घर बघताना तीन प्रश्न: पावसात गल्लीत पाणी तुंबतं का, सोसायटीचा जनरेटर पंपाला जोडलाय का, आणि खिडक्यांना ग्रिल-शटर आहे का. आयटीवाल्यांना पटिया आणि चंद्रशेखरपूर सोयीचं, सरकारी कचेऱ्यांना नयापल्ली किंवा युनिटचे भाग, जुनी देवळं आणि तळी आवडत असतील तर ओल्ड टाउन. चौकाला तिथे ‘छक’ म्हणतात; पत्ता सांगताना रस्त्याचं नाव कुणी घेत नाही, जवळचा छक सांगतात.

काही वर्षं राहिल्यावर प्लॉट घ्यायची हुक्की येतेच. तिथे मराठी माणसाला फसवणारी एक गोष्ट आहे आणि ती कुणीही मुद्दाम करत नाही: गुंठा. आपल्याकडे एकराचे ४० गुंठे, म्हणजे गुंठा १०८९ चौरस फूट. ओडिशात एकराचे २५ गुंठ, म्हणजे एक गुंठ जवळपास १७४२ चौरस फूट. त्याच शब्दाने दीडपटीहून मोठी जमीन. भाव ऐकून ‘महाग आहे’ असं वाटलं तर आधी भागाकार करा. कदाचित महाग नसेल. व्यवहारात ‘डेसिमिल’ही चालतो, शंभर डेसिमिलचा एकर, चार डेसिमिलचा गुंठ. चौरस फुटात लिहून घेणं सगळ्यांत बरं.

सातबाऱ्याच्या जागी तिथे ‘पट्टा’ किंवा आर.ओ.आर. असतो, भूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तहसील, मौजा निवडून दिसतो. त्यात ‘किसम’, म्हणजे जमिनीचा प्रकार, हा रकाना बघा. ‘घरबाडी’ लिहिलेलं असेल तर घरासाठी ठीक. शेतीची किसम असेल तर बिगरशेती रूपांतराचा आदेश मागा. आणि अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे मयूरभंज, सुंदरगड, कोरापुट पट्ट्यात, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, १९५६च्या नियमाने. ‘कागद करून देतो’ म्हणणारा दलाल भेटला तर चहासुद्धा घेऊ नका.

५. चार वाक्यं ओडिआत

हिंदी शहरांत चालते. पण दोन-चार वाक्यं ओडिआत बोललात तर समोरच्याचा चेहराच बदलतो, आणि मराठी माणसाला ते फार कठीण नाही, कारण आपला ‘ळ’ आणि ‘ण’ तिथे ठसठशीत आहेत. उत्तरेकडून आलेले सहकारी ‘फळ’ म्हणताना अडखळतात तेव्हा तुम्ही आरामात पुढे जाता. अडचण आहे ती शब्दाच्या शेवटी. आपण ‘राम्’ म्हणतो, ते ‘राम’चा शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, तोही ओठ गोल करून.

किती झाले? ‘केते हेला?’ कुठे? ‘कुआडे?’ थोडंसं, ‘टिके’. ठीक आहे, ‘हउ’. मला ओडिआ येत नाही, ‘मुं ओडिआ जाणिनि’. आणि सगळ्यांवर मात करणारा शब्द ‘आज्ञा’: मोठ्यांना होकार देताना, फोन उचलताना, साहेबांच्या खोलीत, सगळीकडे. अनोळखी माणसाला नेहमी ‘आपण’ म्हणा, ‘तु’ फक्त लहानांना आणि जिवलगांना. शेजारच्या मोठ्या बाई ‘अपा’ किंवा ‘माउसी’, वयस्क गृहस्थ ‘मउसा’, ऑफिसातला ज्येष्ठ ‘भाइ’, त्याची बायको ‘भाउज’. पश्चिमेत नमस्काराला ‘जुहार’.

लिपी गोलगोल, ताडपत्रावर लोखंडी टोकाने लिहायची सवय होती म्हणून, असं म्हणतात. आठवडाभरात पाट्या वाचता येतात. आकडे मात्र पहिल्या दिवशी शिका, बाजारातल्या भावाच्या पाट्यांवर ते असतात.

६. किराणा आणि ताट

दुकानात ‘तांदूळ’ नाही, ‘चाउळ’. पुढचा प्रश्न येईल: अरुआ की उसुना? उसुना म्हणजे उकडा, कोकणातल्या माणसाला ओळखीचा. रोजच्या ताटात तिथे तोच. घाटावरच्यांनी अरुआ मागावा. तूरडाळ ‘हरड डालि’, उडीद ‘बिरि’, कुळीथ ‘कोळथ’, शहाळं ‘पइड’, लाल भोपळा ‘कखारु’, परवल ‘पोटळ’. तेल मोहरीचं, शेंगदाणा तेल मोठ्या दुकानांत मिळतं, ज्वारी-बाजरीचं ताजं पीठ सहज मिळत नाही, तेवढं घरून आणा. नाचणी मात्र भरपूर, ‘मांडिआ’ नावाने, विशेषतः कोरापुटकडे.

डालमा पहिल्याच आठवड्यात आवडेल: डाळ आणि भाज्या एकत्र शिजवलेल्या, वरून पंचफुटणाची, म्हणजे पाच अख्ख्या मसाल्यांची फोडणी आणि भाजलेल्या जिरे-मिरचीची पूड. पण उन्हाळ्यात राज्य चालतं ते पखाळावर. उरलेल्या भातात पाणी घालून झाकून ठेवायचं. रात्रभरात ते किंचित आंबतं. दुसऱ्या दिवशी दुपारी काशाच्या वाडग्यात भात आणि त्याचं पाणी, तोराणी, वर मीठ, हवं तर दही, कढीपत्ता, आल्याचा ठेचा. बाजूला बडी-चुरा: उडदाच्या वाळवलेल्या वड्या भाजून कांदा, लसूण, हिरवी मिरची, मोहरीच्या तेलासोबत हातानेच चुरडलेल्या. तळलेली पालेभाजी, बटाट्याचं भरीत, परवडत असेल तर तळलेला मासा. पहिल्यांदा ते पाणचट वाटतं. बडी-चुऱ्याचा तिखट कुरकुरीत घास आणि मागोमाग थंडगार तोराणीचा घोट घेतला की कळतं, मे महिन्यात दुपारी दोन ते चार दुकानं का बंद असतात.

गोडात, भुवनेश्वर-कटक रस्त्यावरच्या पाहाळला थांबा. रस्त्याकडेला मोठमोठ्या कढयांत तपकिरीसर, मऊ रसगोळे, बहुतेक वेळा गरमच. ओडिशाच्या रसगोळ्याला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बंगालच्या रसगुल्ल्याशी तुलना करायची असेल तर मनातल्या मनात करा. छेनापोडही घ्या: पनीरसारखा छेना, साखर, रवा, पानात गुंडाळून भट्टीत भाजलेला, कडा करपलेल्या कॅरॅमलसारख्या. कटकचा दहीबरा-आळुदम सकाळी खातात, संध्याकाळपर्यंत थांबलात तर संपलेला असतो.

आणखी एक. कितीही मत्स्यप्रेमी घर असलं तरी सोमवारी आणि गुरुवारी बरेच जण मांसाहार करत नाहीत. कार्तिक महिन्यात तर महिनाभर नाही, अगदी सैल माणसंही शेवटचे पाच दिवस पाळतात. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाला ‘छाडखाई’ म्हणतात, त्या दिवशी मटणाच्या दुकानासमोरची रांग पाहण्यासारखी असते. पाहुण्यांना जेवायला बोलावताना आधी वार बघा.

७. पंचांग भिंतीवर लावा

‘बार मासरे तेर पर्ब’, बारा महिन्यांत तेरा सण, असं ते स्वतःच म्हणतात आणि हिशेब कमीच सांगतात. कालनिर्णय नेलंत तरी तिथलं एक पंचांग घ्याच, कारण तिथे चांद्र महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षात महिन्याचं नाव वेगळं. परिणाम प्रत्यक्षात असा: मार्गशीर्षातले गुरुवार.

हो, तेही पाळतात. ‘माणबसा गुरुबार’. घरोघरी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाच्या ओल्या रांगोळ्या, त्यांना झोटी म्हणतात, त्यात धान्याची कणसं आणि लक्ष्मीची पावलं. नव्या भाताने भरलेलं ‘माण’ नावाचं माप मांडून त्याची पूजा. फक्त त्यांचा मार्गशीर्ष आपल्याहून पंधरवडाभर आधी सुरू होतो. तुमचा पहिला गुरुवार येईपर्यंत शेजारणीचे निम्मे होऊन गेलेले असतात. कथाही वेगळी. आपल्याकडे भद्रश्रवा राजा आणि शामबाला. तिथे बळराम दासांचं सोळाव्या शतकातलं ‘लक्ष्मीपुराण’ वाचतात. लक्ष्मी श्रिया नावाच्या चांडाळणीच्या स्वच्छ अंगणात जाते, म्हणून बळभद्र धाकट्या भावाला तिला देवळाबाहेर काढायला लावतो, आणि मग दोघे देव दारोदार भीक मागत उपाशी फिरतात. शेवटी जेवतात ते लक्ष्मीच्याच हातचं, आणि तिच्या अटीवर. शेजारच्या वाचनाला बसायला मिळालं तर बसा. ओडिआ अर्धीच कळली तरी गोष्ट पूर्ण कळते.

सुट्ट्या आखताना जूनचा मध्य मोकळा ठेवा. रज हा तीन दिवसांचा सण तेव्हा असतो. धरणीमाता रजस्वला आहे असं मानून नांगरणी थांबते, मुली नवे कपडे घालून झाडाला बांधलेल्या झोक्यांवर, घरी पोडपिठा म्हणजे भाजलेला गोड पिठा, तोंडात पान. मासिक पाळी उघडपणे साजरी करणारा सण म्हणून शहरी मराठी घरांत त्याचं कौतुक होतं, ते योग्यच; पण कामवाली, सुतार, प्लंबर त्या दिवसांत येणार नाहीत हेही ध्यानात ठेवा.

पश्चिमेत असाल तर नुआखाई दिवाळीपेक्षा मोठी. ती भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. नवं धान्य आधी संबलपूरच्या समलेश्वरी देवीला, मग घरात, मग मोठ्यांच्या पाया पडून ‘नुआखाई जुहार’. तुमच्या घरात दीड दिवसाचा गणपती असेल तर त्या दिवशी विसर्जनाला मदतनीस मिळणं कठीण. गणपती तिथेही बसतात, पण मुख्यतः शाळांत, विद्यार्थ्यांचा देव म्हणून.

कोजागिरीच्या रात्री त्यांची कुमार पूर्णिमा. कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे केळीच्या सोपाच्या होड्या दिवे लावून पाण्यात सोडतात, जावा-बालीकडे जाणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांची आठवण म्हणून, आणि कटकला महानदीच्या काठी बाली जात्रा भरते. आणि प्रथमाष्टमीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळून एण्डुरी पिठा करतात: हळदीच्या पानात पिठाचा थर, आत खोबरं-गुळाचं सारण, वाफेवर. झाकण उघडल्यावर जो वास येतो तो गोव्या-कोकणातल्या पातोळ्यांचाच. फक्त ऐन थंडीच्या तोंडावर.

८. पुरी

भुवनेश्वरहून साठ-पासष्ट किलोमीटर. पहिल्या दर्शनाला शनिवार-रविवार आणि एकादशी टाळा, सकाळी लवकर जा. मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा-पाकीट आत चालत नाही, बाहेर ठेवायची सोय आहे. २०२४ पासून हाफ पँट, फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे कपडे घालून प्रवेश नाही. हिंदूंखेरीज इतरांना आत सोडत नाहीत. मित्रांना सोबत नेणार असाल तर हे आधीच सांगा, दारात सांगणं वाईट दिसतं. पंडा जवळ येईलच. दक्षिणा किती ते आधी ठरवा, नको असेल तर हात जोडून नाही म्हणा आणि चालत राहा.

सिंहद्वारासमोरचा अरुण स्तंभ नीट बघा. तो मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात मराठा अमलात पुरीला आणून उभा केला. १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं. ही माहिती तिथे छाती फुगवून सांगायला जाऊ नका मात्र. देवस्थानाची व्यवस्था आणि यात्रेकरूंची सोय यांसाठी मराठ्यांचं नाव घेतात, तसं घोडेस्वारांच्या वसुलीसाठीही घेतात.

दर्शन झालं की आनंदबाजारात महाप्रसाद. मातीच्या मडक्यांत, लाकडाच्या जाळावर, एकावर एक उतरंड रचून शिजलेला भात, डालमा, खेचुडी. बटाटा-टोमॅटो नाही. जमिनीवर बसून, एका मडक्यातून, जात न विचारता खातात, उभ्याने किंवा टेबलावर नाही. एकादशीलाही इथे भात चालतो. घरी नेण्यासाठी खाजा आणि वाळवलेल्या महाप्रसादाचा ‘निर्माल्य’ घ्या. शेजाऱ्यांना दाणाभर दिलात तरी ते कपाळाला लावून घेतात.

९. डोंगरातले आठवडी हाट

राज्यात अनुसूचित जमाती ६२, त्यांपैकी १३ विशेष असुरक्षित गटांत: बोंडा, डोंगरिया कोंध, जुआंग वगैरे. लोकसंख्येत आदिवासींचा वाटा सुमारे २३ टक्के. कोरापुट-रायगडाकडे हाटाला जरूर जा, पण माणसांवर कॅमेरा रोखू नका. या गटांच्या वस्त्यांत फोटोवर निर्बंधही आहेत. भाव पाडू नका. ग्रामसभेला हलकं समजू नका: नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांवर सोपवलं, बारा गावांनी सभा घेतल्या आणि बाराही ‘नको’ म्हणाली. खाण झाली नाही.

१०. महाराष्ट्रातून पाहुणे येणार तेव्हा

येतीलच. त्यांना डिसेंबरचा पहिला आठवडा द्या: हवा छान, आणि १ ते ५ डिसेंबर कोणार्क महोत्सव असतो. पुरी ते कोणार्क समुद्राकाठचा रस्ता, पुरी-भुवनेश्वर वाटेवर रघुराजपूरला पट्टचित्रं म्हणजे कापडावरची पारंपरिक चित्रं, पिपिलीला चांदुआ म्हणजे कापडाचे रंगीत तुकडे शिवून केलेलं काम, मग सातपाड्याहून होडीने चिल्कातले इरावदी डॉल्फिन. डॉल्फिन उड्या मारत नाहीत, पाठ दाखवून बुडतात; नावाड्याला आधीच सांगा की पाठलाग नको.

ते हटकून ‘रथयात्रेला येतो’ म्हणतील. आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ निघतात, दशमीला परततात, आणि आपण आषाढीला पंढरपूरकडे बघत असतो त्याच एकादशीला पुरीत रथांवरच देवांचा सोन्याचा वेश होतो. म्हणजे वारकरी घरांना निवड करावी लागते. खोल्या कित्येक महिने आधी भरतात, गाड्या शहराबाहेर थांबवतात, बाकी चालत. गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर त्यांना त्या गर्दीत नेऊ नका. त्यांच्यासाठी चैत्रात, रामनवमीच्या आदल्या दिवशी, भुवनेश्वरच्या लिंगराजाची रुकुणा रथयात्रा आहे, तीही मोठी पण आवाक्यातली. उत्तरेला बदली असेल तर बारिपदाची यात्रा दाखवा. तिथे सुभद्रेचा रथ फक्त बायका ओढतात, आणि दोराला हात लावायला तुमच्या आईलाही कुणी अडवणार नाही.